अकरा घरांची गल्ली

ता. ३ मार्च

चि. मुंगी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी मुलगी आत्याला हाताने पत्र लिहिते, याचं तुझ्या आतोबांना इतकं कौतुक, की पाकिटावरचं तिकीट कापून त्यांनी डायरीत चिकटवलं. अक्षर मात्र तुझं अजून तसंच आहे. वाचायला दोन चष्मे लागतात.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, आतोबा त्याहून जास्त. जिन्यातला बल्ब जाऊन तीन आठवडे झाले. चार मजल्यांची माणसं भिंत चाचपत चढतात-उतरतात, पण नवा बल्ब आणायचा कुणी यावर अजून एकमत झालेलं नाही. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी माझ्या पायावर पाय दिला आणि ‘माफ करा हं वहिनी’ म्हणत गेले, ते स्वतःच्या दारापर्यंत म्हणतच गेले.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहिलंस की तुमच्या ‘शेजार’ खेळात आज शंभर माणसं आली तर महिन्याने त्यातली पाच-सहा उरतात. सुरुवातीला उड्या पडल्या, पेपरात फोटो आले, आणि आता माणसं गळतायत. ती का गळतात हे शोधायचं तुझं काम. आणि लाखो घरांमध्ये तुला एकच गल्ली अशी सापडली, जिथून दहा महिन्यांत एकही माणूस गेलं नाही. अकरा घरं, अकराही रोज उघडी. ती गल्ली आपली, आपल्या घरच्यांची. चोवीस तारखेला तू हीच गल्ली वरच्या साहेबांपुढे मांडणार, आणि नंतर तुमच्या ऑफिसातून आम्हा अकरा जणांना एकेक करून फोन येणार, की बाबांनो, तुम्ही कसे टिकलात ते सांगा. ‘आत्या, माझी या ऑफिसातली पत या गल्लीवर उभी आहे,’ असं तू लिहिलंस, आणि त्याखाली रेघ ओढलीस.

आणि शेवटी ते तुझ्या बाबांबद्दलचं. त्याचं नंतर लिहिते.

तू विचारलंस, टिकलेल्यांचं जाऊ दे, पण माणसं जातात का, तुला काय वाटतं? आता मी काय सांगणार. पण तुमचा खेळ मला आवडला, तो एका गोष्टीसाठी. आपल्या घरचा दिवा आपल्याला लावता येत नाही. शेजाऱ्याने यावं, आपल्या दारात दिवा लावावा. आपण जावं, त्याच्या दारात लावावा. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माझा नमस्कार सांग. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कानाला हेडफोन लावून मी लोकांच्या लाइनी जोडल्या. अशी माणसं आमच्याकडे हवी होती.

बाकी ऐकीव गोष्टी सांगते. आपल्या घरचे कुणी नव्हेत, ओळखीपाळखीतले. एका गृहस्थांनी चौथ्याच दिवशी खेळ सोडला. दुपारी जरा डोळा लागला की फोन वाजायचा, ‘तुमचे शेजारी तुमची वाट पाहत आहेत!’ ते म्हणाले, माझ्या लग्नातसुद्धा कुणी माझी एवढी वाट पाहिली नव्हती. एक बाई फार हौशी. घराला निळा रंग दिला, कुंपण केलं, कारंजं बसवलं. नव्याचे नऊ दिवस. विसाव्या पायरीवर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की पुढेही तेच आहे, फक्त कारंजं मोठं. आणि तिची सून गेली, कारण नवी खोली उघडायला दर वेळी पाच नवी माणसं खेळात आणा म्हणायचे. तिने मुलाच्या शाळेतल्या सगळ्या आयांना आमंत्रणं धाडली. मग शाळेच्या फाटकाशी त्या बायका हिला पाहून रस्ता ओलांडायला लागल्या. खेळ शेजाऱ्यांचा, आणि खरे शेजारी तुटले.

एवढं पुरे. साहेबांना म्हणावं, फोन करायची घाई नको. म्हातारी माणसं, कुणाला ऐकू कमी येतं, कुणी अनोळखी नंबर उचलत नाही. तब्येतीला जप. जेवणाच्या वेळी जेव.

तुझी
आत्या


ता. ७ मार्च

मुंगे,

वरचं पत्र पाकिटात घालून चार दिवस टीव्हीवर ठेवलं होतं. आतोबा रोज विचारायचे, टाकू का पोस्टात? मी म्हणायचे, राहू द्या, गुडघा बरा झाला की मीच जाईन. आज ते म्हणाले, ‘अगं, त्या पत्रात गुडघा सोडून एक तरी खरी गोष्ट आहे का?’ बेचाळीस वर्षं संसार केला की हे असं ऐकावं लागतं.

तर ऐक. मध्ये बोलायला तू इथे नाहीस, म्हणूनच फोन न करता लिहितेय.

त्या गल्लीत अकरा माणसं नाहीत. मी एकटी आहे.

ओळखीतले म्हणून जे गृहस्थ सांगितले ते तुझे आतोबाच. निळ्या घराची हौशी बाई म्हणजे तुझी धाकटी आत्या, आणि शाळेच्या फाटकाशी एकटी पडली ती तिची सून. तू गेल्या वर्षी सगळ्यांना लिंक पाठवलीस, तेव्हा तुझ्या प्रेमापोटी अकराच्या अकरा जण आले. तीन आठवड्यांत दहा गेले, उरले मी. मग एकदा फोनवर तू मला म्हणालीस, ‘आत्या, घरचीच माणसं सोडून गेली तर मी बाहेरच्यांना कुठल्या तोंडाने थांबा म्हणू?’ तू सहज म्हणालीस. माझ्या मात्र ते जिव्हारी लागलं. आपली पोर एकटी परगावी राहते, आणि तिच्या पाठीशी तिचं घर नाही, हे मला काही बघवेना.

आता प्रत्येकाच्या घरी एक जुना फोन पडलेला असतो. चालतो, पण कुणी वापरत नाही. मी एकेकाकडून तो मागून आणला, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पाठीला चिकटवला. जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. धाकटीचा फोन तापतो, म्हणून तो स्टीलच्या ताटलीत ठेवते. तिच्या सुनेच्या फोनची काच फुटलेली आहे, तिथे नखाने दाबावं लागतं. दहा वाजता बसते, साडेअकराला उठते. माझ्याकडून धाकटीकडे, धाकटीकडून सुनेकडे, सुनेकडून आतोबांकडे, असा दिवा फिरवत नेते. आतोबा दहा महिने ताट मांडीवर घेऊन जेवतायत, पण त्या माणसाने तुला कळू दिलं नाही.

तुला ते सगळे बरोबर दहा ते साडेअकरा एकदम खेळताना दिसले आणि तू त्याला ‘कौटुंबिक वेळ’ असं नाव दिलंस. ते वाचून मला आधी हसूच आलं. माझी हुशार भाची, आणि तिला मीच फसवलं. माझ्या मनात एवढंच होतं की तुझ्या कागदावर घरची नावं दिसावीत. त्या नावांवर तू सगळं काम उभं करशील, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. माफ कर गं. चोवीस तारखेच्या आत ती गल्ली तुझ्या कागदांतून काढून टाक. तुला काही बोलणी बसणार असतील तर साहेबांना पहिला फोन मला करायला सांग. तीस वर्षांत साहेबांची बोलणी पुष्कळ खाल्लीत, मला त्याची सवय आहे.

इथे पत्र संपवलं तरी चाललं असतं. पण आता तुझ्या बाबांचं.

तू लिहिलंस, ‘बाबा रोज तुझ्या दारात दिवा लावतात हे मी पाहिलं, आणि ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. चार वर्षांनी! मी त्यांना काही विचारणार नाही, तूही बोलू नकोस. आपोआप होतंय ते होऊ दे.’

राणी, तो दिवाही मीच लावत होते. तुझे बाबा तुझ्यासाठी आले, तीन दिवस खेळले आणि गेले. त्यांचा जुना फोन तुझ्या आईने भाजीच्या पिशवीत घालून मला बसस्टॉपवर आणून दिला. पासवर्ड तुझी जन्मतारीख होती.

मी तो फोन सगळ्यांत शेवटी घ्यायचे. बाकीचे आटपले की आधी माझ्या घरून त्याच्याकडे जायचे, त्याच्या दारात दिवा लावायचे. मग त्याचा फोन हातात घेऊन माझ्या दारात यायचे. मग माझ्या फोनवर अक्षरं उमटायची, ‘तुमचा भाऊ येऊन दिवा लावून गेला.’ मीच दाबलेलं, मला माहीत असायचं. तरी वाचायला बरं वाटायचं. कधीकधी दोनदा वाचायचे. तुझ्या नोकरीसाठी करतेय असं मी आतोबांना सांगत होते. निम्मं खरं होतं ते.

आता जे तुला कुणी नीट सांगितलेलं नाही ते सांगते. आमची आई, तुझी आजी, गेली तेव्हा तुझी परीक्षा होती, तू नंतर आलीस. तुला एवढंच माहीत आहे की तुझ्या बाबांनी आईचं शिलाई मशीन मला न विचारता भंगारात दिलं, म्हणून आमचं बिनसलं. मीच सगळ्यांना तसं सांगत आले. पण मशीन गेल्यावर मी काय बोलले ते मी कुणालाच सांगितलं नाही. घर माणसांनी भरलेलं होतं. सगळ्यांसमोर मी त्याला म्हणाले, ‘आज मशीन घातलंस भंगारात. आईला तर तू कधीच घातलं होतंस.’

सहा वर्षं आई अंथरुणावर होती. सहा वर्षं तिचं सगळं त्याने आणि तुझ्या आईने केलं. चष्म्याच्या दुकानातून दुपारी घरी येऊन तो तिला कूस बदलून द्यायचा. मी रविवारी यायचे, तिच्या केसांना तेल लावायचे आणि संध्याकाळच्या बसने परतायचे. आणि मी त्याला ते बोलले. तो उठून आत गेला आणि दार लावून घेतलं.

राग माझा दुसऱ्याच दिवशी गेला होता. मग वाटलं, उद्या जाऊ. मग आठवडा झाला. मग महिना झाल्यावर कुठल्या तोंडाने जायचं? वर्ष झाल्यावर तर पायच उचलेना. तुमच्या खेळात बघ, तीन दिवस कुणी आलं नाही की घराला कोळ्याची जाळी लागतात, आठ दिवसांत दारात गवत उगवतं. आठवड्यासाठी गावी गेलेलं माणूस परत येऊन ते गवत बघतं, आणि त्याला वाटतं, आता कोण साफ करत बसणार. ते फोन खाली ठेवतं ते कायमचं. तू विचारलंस ना माणसं का जातात? जातात तर कशानेही गं, कंटाळा येतो, पाहुणे येतात, डोकं दुखतं. पण परत येत नाहीत ती लाजेने. हे मला तुमच्या आकड्यांवरून नाही कळलं.

उद्या मी जाते. चाळीस मिनिटांची बस आहे. दहा महिने रोज बोटाने जाते, उद्या पायाने जाईन. पाकीट उघडंच ठेवते.

आत्या


ता. ८ मार्च, दुपार

मुंगे,

हे तुझ्याच घरून लिहितेय, तुझ्या जुन्या अभ्यासाच्या टेबलावर बसून. टेबलाचा एक पाय अजून डुगडुगतो.

बसमध्ये मी चार वाक्यं पाठ केली होती. तुझ्या बाबांचा फोन पदरात गुंडाळून आणला होता. दार त्यानेच उघडलं. केस किती पांढरे झालेत गं त्याचे, मला कुणी सांगितलं कसं नाही? माझी चारही वाक्यं गेली. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, आणि म्हणाला, ‘आलीस? चप्पल आत घे ताई, बाहेर ठेवली की कुत्रं नेतं.’

बस्स. एवढंच. इतकी वर्षं कुठे होतीस नाही, आज कशी वाट चुकलीस नाही. मी चप्पल हातात घेऊन आत गेले आणि खुर्चीत बसून रडले. तुझी आई पाणी घेऊन आली आणि तीही रडायला लागली. मग पाणी मीच तिला पाजलं.

साहेबांना हे सांग, मुंगे. तुझ्या कागदांत गल्लीची जागा आता रिकामी झाली आहे, तिथे हे लिही. खूप दिवसांनी आलेल्या माणसाला जाळी दाखवू नका, गवत दाखवू नका, तुमच्यावाचून इथे अंधार झाला होता असंही म्हणू नका. त्याला माहीत असतं ते. ‘आलात? या,’ म्हणा आणि बसायला जागा द्या. याने किती माणसं परत येतील ते मी सांगू शकत नाही. मी एका माणसापुरतं सांगतेय.

रडणं झाल्यावर मी बोलले. म्हटलं, ‘मी तेव्हा बोलले ते खोटं होतं. आईला तू सांभाळलंस. मी रविवारी येत होते.’ तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसला. आयुष्यभर दुकानात गिऱ्हाइकांना ओरडत आला, कापडाने काचा पुसू नका, चरे पडतात. आज स्वतः पाच मिनिटं पुसत होता. मग म्हणाला, ‘मशीन तुला विचारून द्यायला हवं होतं.’ मी म्हटलं, हो, द्यायला हवं होतं. तेवढं मी सोडलं नाही. तोही हसला.

मग पदरातून फोन काढला आणि सगळं सांगितलं. तुझी गल्ली, टेबलावरचे अकरा फोन, ताटलीतला फोन, आतोबांचं मांडीवरचं ताट. तुझी आई खाली मान घालून बसली होती, कारण पिशवी तिची. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, आणि गिऱ्हाइकाला नंबर विचारतो तशा आवाजात विचारलं, ‘म्हणजे दहा महिने मी रोज तुझ्याकडे येत होतो?’

‘हो.’

‘आणि तू?’

‘मी पण रोज तुझ्याकडे येत होते.’

‘बरं झालं सांगितलंस,’ म्हणाला. ‘मला वाटत होतं आपलं बोलणं बंद आहे.’

मुंगे, मी चार वर्षांत इतकी हसले नव्हते. गुडघ्याचं भान राहिलं नाही.

तुझ्याबद्दल त्याला काळजी वाटते. म्हणाला, पोरीला खाली बघावं लागेल का गं? मी म्हटलं, तिने खोटं केलेलं नाही, तिच्याशी खोटं झालंय, आणि ते ती स्वतःहून जाऊन सांगेल तर खाली बघावं लागणार नाही. हे मी धीर द्यायला म्हटलं की मला खरंच तसं वाटतं, ते आत्ता नक्की सांगता येत नाही. पण तू आमची आहेस, तू सांगशील. चोवीस तारखेला दिवसभर आम्ही दोघं फोनजवळ असू. त्याच्याकडे किंवा माझ्याकडे, जिथे करशील तिथे आम्हीच उचलू.

बाकीचे फोन मी ज्याचे त्याला परत देणार आहे. आतोबांना टेबल मिळेल. परतताना वाटेत जिन्यासाठी एक बल्बही घेणार आहे. एकमताची वाट बघण्यात अर्थ नाही.

लिहितेय तोवर तुझे बाबा येऊन माझ्या शेजारी बसलेत. पत्रात दोन ओळी लिही म्हटलं, तर म्हणतात माझं अक्षर तिच्याहून वाईट आहे. चष्मा कपाळावर चढवून, त्यांचा तो जुना फोन डोळ्यांजवळ धरून विचारतायत, ‘ताई, तुझं घर कुठलं? आणि दाबायचं कुठे?’ मी बोट दाखवलं. दाबलं नाही. त्यांनी दाबलं.

माझा फोन पर्समध्ये वाजला. ‘तुमचा भाऊ येऊन दिवा लावून गेला.’

तुझ्या आकड्यांत एवढी दुरुस्ती कर. त्या गल्लीत अकरा माणसं नव्हती, एक होतं. आजपासून दोन आहेत.

तुझी
आत्या